अ‍ॅव्हरेज

नान्नांची वही अजून डॅशबोर्डच्या खणात आहे,
कोपरे तेलकट, पुठ्ठा सुटलेला.
तारीख, लिटर, किलोमीटर,
आणि शेवटी लाल शाईत भागाकार.
लग्नाला निघालो असू नाहीतर मयताला,
टाकी भरली की आधी भागाकार.

यंदा संक्रांतीनंतर आकडा घसरायला लागला.
सोळा. पंधरा. चौदा पूर्णांक दोन.
ओम्नी तीच, टॉवेलचे गठ्ठे तेवढेच,
विजापूर रोडसुद्धा तोच.

पंपावरचा पोरगा म्हणाला,
अक्का, महागातलं टाका की, पंच्याण्णववालं.
पावर असतंय त्यात.
टाकलं. तीन टाक्या टाकलं.
जादा पैसे मोजताना वाटायचं,
आजाऱ्याला डाळिंबाचा रस पाजतेय.
वहीत लिहिलं: चौदा पूर्णांक एक.
मग चौदा पूर्णांक तीन.
मग परत चौदा पूर्णांक एक.

अशोक चौकाच्या मागे रेवणसिद्ध कोनापुरे बसतो,
पाटी नाही, कडुनिंब आहे.
त्यानं पावती बघितली आणि हसला.
"ऑक्टेन म्हणजे ताकद न्हवं, अरुणाक्का.
ऑक्टेन म्हणजे दम धरणं.
दाबाखाली, ठिणगी पडायच्या आधी
पेट्रोलनं आपल्या मनानं भडकायचं नाही, एवढंच.
दाब मोठा असंल त्या इंजिनाला तसला गडी लागतो.
हे तुमचं म्हातारं कुणाला दाबतंय?
चढावर टकटक वाजतंय का? नाही ना?
मग साधंच पाजा,
आणि उरलेल्या पैशाची भजी आणा."

भजी मी आणली. तोवर त्यानं मागचं चाक उचललं होतं.
हातानं फिरवलं तर अर्ध्या फेऱ्यात थांबलं.
"ब्रेक चिकटलाय. पाय ठेवून चालवल्यागत चाललीय गाडी.
हवा बघा, तिसाच्या जागी एकवीस.
वर त्या गठ्ठ्यांचं ओझं.
आणि तुम्ही पेट्रोलला नावं ठेवताय!"

मग सीट उचलून त्यानं एअर फिल्टर काढला.
दोघंही गप्प झालो.
आत घडीच्या घडीत कापूस,
राखाडी, दाबून बसलेला, वाकळेसारखा,
आणि मधेच टॉवेलच्या काठाचा एक गुलाबी दोरा.
गाडी दिवसभर उभी असते शेडच्या दाराशी,
तिथंच पंखा आतली धूळ बाहेर फेकतो.
"जुनं कार्बोरेटरचं इंजिन हाय हे," रेवणसिद्ध म्हणाला,
"श्वास कोंडला की तेल जास्त पितंय."

जुना फिल्टर पिशवीत घालून घरी नेला.
नान्नांनी तो खिडकीच्या उजेडात धरला,
बोटानं कापूस उपटला, दोन बोटांत फिरवला
आणि त्याचा धागा केला. चांगला लांब.
"बत्तीस नंबरचं," म्हणाले, हसले,
आणि खोकला आला.
बराच वेळ आला.
मी पाण्याचा तांब्या धरून उभी.
संपल्यावर म्हणाले, "अ‍ॅव्हरेज काय आलं?"

अजून टाकी संपली नव्हती.

गाडी आता शेडच्या मागच्या अंगाला लावते,
लिंबाच्या झाडाखाली.
पंखा आधीच्याच जागी फेकतो, तिथं आता कुणी नसतं.
आत आठ माग चालू असतात,
नरसव्वा असते, इस्तारी असतो.
त्यांना कुठं लावू?
जाळीचे दोन पंखे सांगितलेत. दर ऐकून आठवडाभर
गप्प बसले होते, हेही खरंच.

मंगळवेढ्याहून परतताना टाकी भरली.
कॉटवर बसून नान्नांनी वही मागवली,
लाल पेन झटकलं, दोनदा,
कॅल्क्युलेटर मी पुढं केला तो बाजूला सारला.
सोळा पूर्णांक चार.
खाली रेघ. पुढं शेरा,
अक्षर जरा वाकडं:
साधंच पेट्रोल. हवा दर पंधरा दिवसांनी.